दुसऱ्या बाजूची गाणी

“पेटीला भैरवीच तेवढी येते वाटतं,” असं म्हणून बाबा चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले.

पेटी म्हणजे आमच्या घरचं नेटवर्क स्टोरेज. दुकानात त्याला नॅस म्हणतात. बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा, आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे जातं ते दुसरीवर आपोआप उतरतं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. राउटरला वायरनं जोडून तो टीव्हीखालच्या फळीवर ठेवला. ‘नॅस’ हा शब्द घरात कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून पेटी. आणायच्या आदल्या दिवशी मी आईला “उद्या पेटी येतेय” एवढंच म्हटलं होतं. खोकं उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न, “आणि भाता कुठाय?”

घेतली होती ती मुख्यतः बाबांच्या गाण्यांसाठी. २००६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी चार-पाच वर्षं कऱ्हाडच्या घरात बसून १३७ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. (पाट्यांवर बहुतेक ठिकाणी कराड असतं; बाबा कऱ्हाडच लिहितात. हे पुढे कामाला येणार आहे.) या कामात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. टेप डेकमधून कॉम्प्युटरला वायर, शेजारी वही, वहीत प्रत्येक गाणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं त्याची मिनिटं-सेकंदं. मग कापाकापी, मग नावं. बाबा सरकारी कचेरीत मराठी टायपिंगची परीक्षा देऊन लागलेले. टाइपरायटरच्या पद्धतीचाच कीबोर्ड कॉम्प्युटरवर घेऊन त्यांनी सगळी नावं देवनागरीत टाइप केली. प्रत्येक कॅसेटचं एक फोल्डर, आत दोन फोल्डर: ‘पहिल्या बाजूची’ आणि ‘दुसऱ्या बाजूची’. हे सगळं मिळून जेमतेम ९ जीबी. आठ टीबीच्या डिस्का विकत घेऊन त्यात ९ जीबी ठेवणं म्हणजे गोदाम भाड्यानं घेऊन त्यात लोणच्याची बरणी ठेवणं, पण बरणी कुणाची आहे त्यावर असतं.

गाण्यांपेक्षा बाबांचा जीव याद्यांवर. एकूण २३ याद्या. ‘सकाळची’ ही भूपाळीनं सुरू होऊन सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांच्या आत संपायलाच हवी अशी बेतलेली. ‘गुरुवारची’, ‘पाऊस’, ‘दुपारची झोप’, ‘आईची’. ‘कऱ्हाड’ नावाच्या यादीत त्यांनी स्वतः टू-इन-वनवर टेप केलेली एकादशीची भजनं. प्रत्येक यादीच्या शेवटी भैरवी, मैफिलीसारखी. गाणी परत कुठूनही मिळतील, पण कशानंतर काय लावायचं हे फक्त त्या २३ फायलींत होतं. सगळ्या मिळून शंभर केबीसुद्धा नव्हत्या.

मी गाणी आणि याद्या जुन्या बाहेरच्या डिस्कवरून पेटीवर टाकल्या, टाकताना थोडी आवराआवर केली, मीडिया सर्व्हर (पेटीतली गाणी घरातल्या यंत्रांना पुरवणारा प्रोग्रॅम) चालू केला, आणि हॉलमधल्या अँप्लिफायरवर ‘सकाळची’ लावली. शांतता. २३ याद्यांची नावं दिसत होती आणि एकीतूनही आवाज नाही.

यादीची फाइल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एमथ्रीयू प्रकारची यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल. विनॅम्प या कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्लेअरच्या काळापासून, म्हणजे १९९७ च्या आसपासपासून, रूढ झालेला प्रकार. तिच्यात गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो, एका ओळीवर एक. # नं सुरू होणारी ओळ पत्ता नसते. प्लेअर तिच्याकडे टीप म्हणून बघतो किंवा ओलांडून पुढे जातो. अशाच एका टिपेत प्रत्येक गाण्याची लांबी सेकंदांत लिहिलेली असते.

बाबांच्या यादीतले पत्ते सगळे ‘डी:\गाणी\…’ असे. पेटी आतून विंडोजवर नाही, लिनक्सवर चालते. तिला डी ड्राइव्ह माहीत नाही, आणि उलट्या तिरप्या रेघेला ती फोल्डर बदलायची खूणच मानत नाही. हे सरळ होतं. डी काढला, रेघा सुलट केल्या, पत्ते यादीच्या जागेपासून सुरू होतील असे केले, म्हणजे उद्या पेटी बदलली तरी चालावं. भाच्यानं सुट्टीत टाकलेल्या दोन फोल्डरांत फायलींची शेपटं (नावामागचं .एमपीथ्री) कॅपिटल अक्षरांत होती आणि यादीत स्मॉल. विंडोजला ते एकच, लिनक्सला दोन वेगळ्या फायली. तेही केलं. अर्धा तास.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांचं भैरवीचं वाक्य आलं. कारण आता खरोखरच तसं होत होतं. यादी लावली की डिस्प्लेवर नावं भराभर सरकत जायची, सोळाच्या सोळा, आणि शेवटचं गाणं मात्र छान वाजायचं. ‘पाऊस’ लावा, भैरवी. ‘गुरुवारची’ लावा, भैरवी. लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये तीच यादी उघडली तर बरीच गाणी नीट वाजत होती, त्यामुळे माझा अँप्लिफायरवरच संशय. दोनदा तो बंद करून चालू केला. आपल्याकडे हा उपाय पंख्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांवर होतो, पण इथे लागू पडला नाही.

शेवटी भैरवीनंच उत्तर दिलं. सगळ्या ओळींत आणि शेवटच्या ओळीत फरक काय? शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नाही. विंडोज ओळ संपवताना दोन न दिसणारी चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. पेटीतला मीडिया सर्व्हर त्यातलं एक ओळखून काढत होता आणि दुसरं गाण्याच्या नावाचा भाग समजून गिळत होता. ‘०३.एमपीथ्री’ या नावाची फाइल होती, पण त्याला हवी होती ‘०३.एमपीथ्री आणि एक अदृश्य शेपूट’ या नावाची. भैरवीला शेपूट नव्हती म्हणून ती तरली. जास्तीची चिन्हं काढणारी छोटी आज्ञा सगळ्या याद्यांवर चालवली. जाता जाता काही याद्यांच्या अगदी सुरुवातीला बसलेली तीन बाइटांची एक खूण पण काढून टाकली. जुनं नोटपॅड ही खूण घालायचं, आणि तिच्यामुळे पहिली # ची ओळ # नं सुरू होतच नव्हती. पेटी तिलाच गाणं समजून सुरुवातीला एक भुताटकी गाणं दाखवत होती.

एवढं झाल्यावर मी बाबांना मोठ्या तोऱ्यात हॉलमध्ये बोलावलं.

पहिलं गाणं लागलं. दुसरं लागलं. तिसरं गाळून चौथं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. आठ-दहा मिनिटांनी म्हणाले, “अगं, याची पहिली बाजूच लागतेय.”

“म्हणजे?”

“जे जे गाळलं ते सगळं दुसऱ्या बाजूचं. कॅसेट उलटायला कोण आहे आत?”

मी फोल्डर उघडून पाहिलं आणि गारच पडले. त्यांचं अक्षरशः खरं होतं. ‘सकाळची’मधली सोळापैकी नऊ गाणी ‘पहिल्या बाजूची’ फोल्डरांतली, ती वाजत होती. सात ‘दुसऱ्या बाजूची’मधली, ती नाही. फोल्डर जागेवर होतं, गाणी जागेवर होती, यादीत नाव तेच होतं. मी स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तेच. हाताने त्या फोल्डरात जाऊन गाणं लावलं तर वाजत होतं.

त्यात गोंधळ वाढवायला दोन गोष्टी. भाच्यानं केलेली ‘प्रवास’ ही यादी मात्र दोन्ही बाजूंसकट वाजत होती. आणि ‘कऱ्हाड’ या यादीतलं एकही गाणं लागत नव्हतं, तिथे तर बाजूंचा प्रश्नच नव्हता.

इथे माझे चार दिवस गेले. फोल्डरांच्या परवानग्या तपासल्या. मीडिया सर्व्हरची अनुक्रमणिका पुसून नव्यानं बनवायला लावली. रात्री लावून झोपले, सकाळी तेच. मग कुठूनतरी आठवलं की एकच अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं, आणि ते एकसारखं करून घेण्याची ठरलेली पद्धत असते, नॉर्मलायझेशन. मला कामापुरती पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते (माझं काम हिशेबाचं, तिथे एक्सेल थकलं की ती लागते). दोन ओळींत सगळ्या नावांचं नॉर्मलायझेशन करून पाहिलं. एकही नाव बदललं नाही. म्हणजे तोही रस्ता बंद, असं मी ठरवून टाकलं. रस्ता बरोबर होता हे कळायला आणखी दोन दिवस लागले.

ते गूढ तसंच ठेवून मी दुसऱ्या एका दुखण्याकडे वळले. २३ पैकी १४ याद्या नव्या प्रकारच्या होत्या, देवनागरी नीट ठेवणाऱ्या. उरलेल्या ९ जुन्या. जुन्या प्रकारात फाइल कोणत्या लिपीसंकेतात आहे हे सांगायची सोयच नाही. त्या वेळचा प्लेअर विंडोजच्या इंग्रजी संकेतात ती लिहून ठेवायचा आणि ज्या अक्षराला त्यात जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचा. त्यामुळे ‘आईची’ ही अख्खी यादी अशी दिसत होती:

????/????? ०४२/???????? ??????/०३ - ?????? ???.एमपीथ्री

(आकडे आणि एमपीथ्री मुळात इंग्रजीत टाइप केलेले होते म्हणून ते वाचले; इथे मी ते देवनागरीत दिलेत.) अशा ४१२ ओळी. जुन्या कॉम्प्युटरवर तरी मूळ सापडलं असतं, पण तो भंगारात गेलेला. आणि जुनी बाहेरची डिस्क मी स्वतःच पुसून पेटीच्या बॅकअपला लावली होती. पुरावा नष्ट करण्यात मी तत्पर आहे.

त्या प्रश्नचिन्हांकडे मी बराच वेळ बघत बसले. मग लक्षात आलं की हे पुसलेलं नाही, झाकलेलं आहे. एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. जागा, आकडे, जोडरेघ जिथल्या तिथे. ‘गाणी’ म्हणजे ग, काना, ण, वेलांटी: चार. ‘कॅसेट’ म्हणजे क, चंद्र, स, मात्रा, ट: पाच. बरोबर. मग उलटं करायचं: पेटीवरच्या प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचं प्रश्नचिन्ह करायचं, आणि ४१२ ओळींतली कोणती त्याच्याशी जुळते ते बघायचं. दोन गाणी सारखीच जुळली तर वरच्या टिपेतले सेकंद आहेतच. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. रात्री अकराला हे लिहून चालवलं.

निकाल विचित्र. निम्म्याच्या वर ओळींना एकही जोडी नाही. आणि ज्यांना जोडी मिळाली त्यांतल्या काहींना दोन-दोन: पहिल्या बाजूचं तिसरं गाणं आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.

मी पेन्सिल घेतली आणि लाइटबिलाच्या पाठीवर मोजायला बसले. ‘पहिल्या’: प, ह, वेलांटी, ल, पाय मोडल्याचं चिन्ह, य, काना. सात. ‘दुसऱ्या’: द, उकार, स, ऱ, पाय मोडल्याचं चिन्ह, य, काना. सात. म्हणून संगणकाला दोन्ही बाजू सारख्या वाटत होत्या, ठीक. पण यादीत बघितलं तर काही ओळींत सात प्रश्नचिन्हं आणि काहींत आठ. ज्यांना जोडी नव्हती त्या सगळ्या आठच्या.

आठवं काय?

‘कऱ्हाड’ मोजला. क, ऱ, पाय मोडल्याचं चिन्ह, ह, काना, ड. सहा. यादीत सात.

दुसऱ्या. कऱ्हाड. दोन्ही शब्दांत मिळून समान असं एकच अक्षर होतं, आणि ते मी चार दिवस बोट फिरवून वाचत होते.

चांगल्या १४ यादींपैकी एक घेतली आणि तिचे बाइट, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते, उघडून पाहिले. पेटीवरच्या फोल्डराच्या नावात स नंतर ई०-ए४-बी१ होतं, म्हणजे ऱ. मग पाय मोडल्याचं चिन्ह, मग य. बाबांच्या यादीत त्याच जागी ई०-ए४-बी०, म्हणजे साधा र. मग पाय मोडल्याचं चिन्ह. आणि मग ई२-८०-८डी, जे पडद्यावर अजिबात दिसत नाही: शून्य रुंदीचा जोडक, झिरो विड्थ जॉइनर. हेच आठवं.

मराठीत दोन र आहेत हे आपण शाळेत शिकतो, नंतर विसरतो. दर्या आणि दऱ्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात ती आडवी चंद्रकोर. हा दुसरा र कसा टाइप करायचा याची युनिकोडमध्ये दोन उत्तरं आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरं, साधा र, पाय मोडायचा, आणि पुढे जोडक घालायचा. ही पद्धत १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली, जुनं लिखाण बिघडू नये म्हणून आजही चालू ठेवलेली. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी. बाबांचा टाइपरायटरी कीबोर्ड जोडकवाला होता, माझा ऱ-वाला. आणि नॉर्मलायझेशन का फसलं तेही इथेच कळलं. ऱ आणि ‘र व खाली नुक्ता (टिंब)’ या दोघांना ते एकच मानतं (मॅकच्या जुन्या फाइल-रचनेत नावं साठवताना ऱ चे असे दोन तुकडे होतात, ती भानगड त्यानं सुटते). पण जोडकवाला र त्याच्या लेखी निराळाच शब्द. लिनक्सचं म्हणाल तर त्याला मराठीशी काही देणंघेणं नाही. तो बाइट मोजतो.

आता उरला प्रश्न, फोल्डरांचं नाव बदललं कुणी? बाबांनीच फोल्डर केले, बाबांनीच याद्या केल्या, दोन्हीकडे जोडक असायला हवा होता.

मी. ती आवराआवर. भाच्यानं त्याच्या फोनवरून तीसेक फोल्डरांची नावं ‘दुसर्या’ अशी, डोक्यावर रफार देऊन, लिहिली होती. मला ते बघवेना. मी एका फटक्यात सगळ्या दुसऱ्या बाजूंना एकच नाव दिलं, माझ्या कीबोर्डवरून टाइप करून, आणि भाच्याच्या यादीतही ‘दुसर्या’ शोधून त्याजागी तेच घातलं. म्हणजे ज्यानं चुकीचं लिहिलं होतं त्याची यादी मी दुरुस्त केली म्हणून ती वाजत होती. ज्यांनी बरोबर लिहिलं होतं त्यांच्याकडे मी बघितलंच नाही, कारण दिसायला ते आधीच बरोबर होतं. त्यांच्या शंभरावर फोल्डरांची नावं मी त्याच नावानं पुसून लिहिली होती.

‘कऱ्हाड’चं कारण अजून मजेशीर. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा. इंग्रजीत ती पुरून उरते. देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ८५ चिन्हं. बाबांनी १९८७ च्या आषाढी एकादशीच्या एका भजनाच्या फाइलीला गाणाऱ्यांची, टाळकऱ्यांची, मृदंगवाल्याची अशी सगळ्यांची नावं दिली होती, कुणी राहायला नको म्हणून. कॉपी तिथे अडकली. मग मी पेटीवर हातानं ‘कऱ्हाड’ फोल्डर केलं, त्या फाइलीचं नाव तोडलं आणि बाकीची गाणी आत ओढली. हातानं केलं म्हणजे माझ्या ऱ नं.

बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “पण माझं बरोबर होतं ना?”

“हो.”

“आणि तुझंही?”

“हो.”

“मग बिघडलं कसं?” हे मी आईला विचारा म्हणून टाळलं.

दुरुस्ती एका ओळीची वाटत होती: याद्यांमध्ये जिथे जिथे र, मोडलेला पाय आणि जोडक असेल तिथे ऱ आणि मोडलेला पाय घाला. चालवलं, १८८ ओळी बदलल्या, दुसऱ्या बाजू वाजू लागल्या. आणि आधी नीट वाजणारी २६ गाणी बंद पडली. कारण गाण्यांच्या स्वतःच्या नावांतही हा र होता, ‘वाऱ्या’त, ‘साऱ्या’त, ‘ताऱ्या’त, आणि ती नावं मी कधी हातानं टाइप केली नव्हती, ती अजून जोडकवालीच होती. मराठी गाण्यात वारा आणि तारा किती असतात ते मोजायचं असेल तर ही पद्धत उत्तम आहे. मग फायलींची नावंही तशीच बदलली, म्हणजे आता घरात एकच र. या वेळी आधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

त्यानंतर ती ४१२ ओळींची जुळवणी परत चालवली, मात्र पेटीवरच्या नावांत तात्पुरता जोडक घालून, म्हणजे बाबांच्या वेळची मोजणी जमावी. सात प्रश्नचिन्हं पहिली बाजू, आठ दुसरी. ज्या एकमेकींच्या अंगावर आल्या होत्या त्या दोन बाजू आता त्या एका न दिसणाऱ्या चिन्हानं अलग झाल्या. ३७१ ओळी थेट सुटल्या. ३० ओळींना दोन-तीन गाणी जुळत होती, त्या सेकंदांवरून सुटल्या. ११ राहिल्या.

त्या ११ रविवारी सकाळी बाबांसमोर घेऊन बसले. मी गाण्यांची पर्यायी नावं वाचून दाखवायला लागले तर त्यांनी हात वर केला. “नावं नको. आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते वाजव.”

मी आधीच्या गाण्याचा शेवट लावला. बाबांनी मान हलवली, नंतरच्याची सुरुवात ऐकली, आणि मधलं सांगितलं. एकदा म्हणाले, “यात सुरुवातीला पंख्याची घरघर असेल बघ, तेच ते.” दोन्ही पर्याय लावून पाहिले. एकात घरघर होती. एका ठिकाणी दोन गाण्यांची लांबीही सारखी, २१४ सेकंद, नावातली चिन्हंही सारखी, त्यांनी क्षणभर सूर लावून बघितला आणि म्हणाले, “पहिलं बसत नाही, पट्टी केवढी उतरते एकदम.” आई स्वयंपाकघरातून एकदा “ते नव्हे, ते शुक्रवारी लावायचात तुम्ही” एवढंच बोलली आणि तिचं बरोबर निघालं.

दहा सुटल्या. अकरावी ‘आईची’ या यादीतली, सातव्या जागेवर. कॅसेट ०६१, दुसरी बाजू, पाचवं गाणं, १८७ सेकंद. पेटीवर ०६१ मध्ये दुसऱ्या बाजूला चारच गाणी आहेत. बाबांनी वही काढली; त्या पानावर पाचव्या गाण्याची वेळ आहे, नाव लिहायचं राहिलंय. मूळ कॅसेट कऱ्हाडचं घर आवरताना कुणाला दिली ते आठवत नाही. सहावं गाणं संपवून आठवं लावून पाहिलं, तीन-चार वेळा. बाबांनी आईला विचारलं. आई ओट्याशी कणीक तिंबत होती, तशीच थांबली, थोडं गुणगुणली, मग मान हलवली.

“काढून टाकू का ही ओळ?” मी विचारलं. “नाहीतर पेटी दर वेळी तिथे अडखळेल.”

“पुसू नकोस,” बाबा म्हणाले. “अडखळणार नाही असं काही करता येत नाही?”

मी त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकला, फाइल सेव्ह केली, आणि यादी पहिल्यापासून लावली.